माइक नसलेला गडी

उजनीच्या फुगवट्यावर पहाटे जाळी काढायला निघालेले मच्छीमार एकमेकांना हाका मारत बसत नाहीत. इंजिनाची फटफट आणि उघड्या पाण्यावरचा वारा यांत हाक विरून जाते. मग दूरच्या होडीतला हात वर होतो, तळवा खाली-वर हलतो, बोट एका दिशेला वळतं आणि पलीकडची होडी त्या दिशेला निघते. करमाळा तालुक्यातल्या काठावरच्या एका गावात वाढलेल्या बाईंनी हे लहानपणापासून पाहिलं होतं. पुढे कर्णबधिर मुलांना शिकवण्याची पदविका घेऊन त्या जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत रुजू झाल्या. तिथे सहकारी शिक्षक पालकांना सांगायचे, 'मुलाला बोलायला लावा, खुणा करू देऊ नका.' बाईंना ते पटायचं नाही. आपल्या गावची शहाणी, कान शाबूत असलेली माणसं पाण्यावर रोज हातांनीच बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं.

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. साठा 117 टीएमसी, जलाशयाचं नाव यशवंतसागर. भिंत माढा तालुक्यात असली तरी पाणी सोलापूर, पुणे आणि नगर अशा तीन जिल्ह्यांत शिरलं आहे. जुनी गावं पाण्याखाली गेली, भावकी दोन काठांवर विभागली गेली. करमाळ्याच्या बाजूच्या कुगावातून समोरचं इंदापूर तालुक्यातलं कळाशी नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सडकेने जायचं म्हटलं की मोठा वळसा. म्हणून इथे मोबाइल आला तेव्हा लोकांनी तो मनापासून घेतला. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओचं 4जी सुरू झालं, त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. ऐकणाऱ्यांसाठी ती एक जादा सोय होती. कर्णबधिर माणसाला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच 'फोनवर बोलता' आलं. काठावरच्या गावांतले बाईंचे माजी विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत मोबाइल भिंतीला टेकवून त्याच्यासमोर हात हलवत बसू लागले, तेव्हा घरच्यांना त्याचं नवल वाटायचं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वसतिगृह रिकामं झालं. मुलं आपापल्या गावी गेली: कुणी जिंतीच्या बाजूला, कुणी कंदरकडे, कुणी भीमानगरजवळ. ऐकणाऱ्या मुलाचं शाळा बंद झाल्यावर शिक्षण थांबतं. या मुलांचं बोलणंच थांबलं, कारण घरात खुणांची भाषा कुणालाच येत नव्हती. आईच्या चार-दोन खुणा असायच्या: जेव, झोप, शेरडं बांध. त्यात तोंडावर मास्क आले आणि ओठ वाचून जे थोडंफार कळायचं तेही गेलं. बाई घरून धडे खुणांत करून त्यांचे व्हिडिओ गटावर टाकायच्या. उत्तरं येत नव्हती. आश्चर्य एवढंच, की या मुलांना एकमेकांची सगळी खबर असायची. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या भावाचं लग्न पुढे गेलं, कुणाला मार बसला.

ही खबर पबजीतून येत होती.

ज्यांनी तो खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो गडी किंवा जो संघ उरतो तो जिंकतो. चौघांचा संघ करता येतो. खेळ सुरू होण्याआधी मित्र एका दालनात जमतात, त्याला मुलं लॉबी म्हणतात. तिथे आपलं पात्र नाचवता येतं, हात हलवायला लावता येतो, शब्द टाइप करता येतात. वसतिगृहाची मुलं रोज संध्याकाळी त्या लॉबीत उभी राहायची. खेळ बऱ्याचदा सुरूच करायची नाहीत. नुसती जमायची. ज्यांना घरात कुणी बोलायला नव्हतं, त्यांनी एका परदेशी खेळाच्या ओसरीवर आपली बैठक मांडली होती. मुली त्यात जवळजवळ नव्हत्याच, कारण घरातला मोबाइल आधी भावाच्या हाती जायचा. ही गोष्ट बाईंना आजही सलते.

नववीतला एक मुलगा मासेमारी करणाऱ्या घरातला. हात चपळ, नजर घारीची. इंदापूरकडचे त्याचे मावसभाऊ ऐकणारे. त्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं, कारण त्याच्याइतका नेम गावात कुणाचा नव्हता. पहिली मिनिटं बरी जायची. मग माइक सुरू व्हायचे. 'मागनं आलाय', 'घरात शिर', 'गाडीत बस, निघतोय' असं सगळं बोलणं आवाजातून. गाडी निघून जायची आणि हा एकटा रानात उभा. जे अनोळखी गडी संघात यायचे ते आधी विचारायचे, 'माइक ऑन कर की.' उत्तर आलं नाही की शिक्का बसायचा: 'हा बॉट आहे, काढा याला.' बॉट म्हणजे माणूस नसलेला, यंत्राने चालवलेला गडी. त्या मुलाने हे बाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पडद्यावर आलेले ते इंग्रजी शब्द त्याने बोटांनी एकेक अक्षर करून दाखवले आणि विचारलं, मी माणूस आहे हे त्यांना कसं सांगू?

बाई त्या प्रश्नाशी बराच काळ झुंजत राहिल्या. वाचत गेल्या तसं त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न त्या मुलाच्या कितीतरी आधीचा आहे.

अनेकांनी एकत्र वावरायची संगणकावरची पहिली जगं निव्वळ अक्षरांची होती. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा खेळ उभा केला. त्यात चालणं, लढणं, बोलणं सगळं टाइप करून. अशा ठिकाणी कोण ऐकू शकतं आणि कोण नाही, हे कळायला मार्गच नव्हता. 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने 'सेकंड लाइफ' सुरू केलं. तिथे घरं बांधता येत, दुकानं थाटता येत, वर्ग भरवता येत आणि गप्पा मारायच्या त्या लिहून. कर्णबधिर माणसं तिथे शेजाऱ्यासारखी राहू लागली. 2007 मध्ये त्या जगात आवाज आला. कंपनीने लिहिण्याची सोय काढून घेतली नव्हती, पण माणसांची सवय बदलली. सभेत वक्ता बोलू लागला, टोळक्यात हसण्याची लाट उठू लागली आणि जो गप्प तो संशयित ठरू लागला. आपण मागे पडू ही कर्णबधिर रहिवाशांची हरकत तेव्हाच मांडली गेली होती. आवाज नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. जे बोललं जाईल ते दिसावंही, एवढंच ते मागत होते.

उजनीच्या काठावरचा मुलगा आणि सेकंड लाइफमधला कर्णबधिर रहिवासी यांच्यात भाषा, पैसा, वय असं काहीच सारखं नाही. अडलेलं मात्र दोघांचं एकाच ठिकाणी. आणि दोघांनाही अडवणारी गोष्ट कानातली नव्हती. कान तर आधीही तसेच होते. जग बांधणाऱ्यांनी एक दार बसवलं आणि बाकीचे सगळे त्याच दारातून ये-जा करू लागले.

बाईंनी पहिला उपाय केला तो कुणालाही सुचेल असाच. गूगलचं 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' नावाचं अ‍ॅप 2019 च्या फेब्रुवारीत आलं. समोरचं बोलणं ऐकून ते पडद्यावर अक्षरं उमटवतं, आणि त्याला मराठीही येते. ते घडवण्यात दिमित्री कानेव्हस्की या स्वतः कर्णबधिर असलेल्या संशोधकाचा हात आहे. दवाखान्यात, बँकेत, रेशन दुकानात हे अ‍ॅप खरंच उपयोगी पडतं. बाईंचे माजी विद्यार्थी ते वापरतात. खेळात मात्र ते कोलमडलं. एका मोबाइलवर खेळ, तर अक्षरांसाठी दुसरा मोबाइल हवा. मच्छीमाराच्या घरात दुसरा मोबाइल कुठून येणार? बाईंनी आपला दिला. मग इअरफोन काढून आवाज स्पीकरवर ठेवावा लागला, कारण अ‍ॅपला बाहेरचंच ऐकू येतं. स्पीकरवर गोळीबार, तिघांचं एकदम बोलणं, मधेच हिंदी. कोण बोललं ते अ‍ॅपला कळत नाही. 'मागनं आलाय' हे भलत्याच शब्दांत उमटायचं आणि नीट उमटलंच तरी तोवर मागून आलेल्याने काम संपवलेलं असायचं. शिवाय वाचायला नजर दुसऱ्या पडद्याकडे न्यावी लागते. ऐकणारा माणूस ऐकता-ऐकता बघू शकतो. कर्णबधिर माणसाला दोन्ही कामं डोळ्यांनाच लावावी लागतात.

दुसरा उपाय लिहिण्याचा. इथे एक गोष्ट आहे जी शहाण्यासुरत्या माणसांनाही ठाऊक नसते. ऐकू येत नाही म्हणजे वाचता येईलच, असं बहुतेक जण गृहीत धरतात. पण जे मूल मराठी कधी ऐकतच नाही, त्याच्यासाठी लिहिलेली मराठी ही परकी भाषाच असते. 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेतून' यांतले प्रत्यय आपण कानांनी गिळलेले असतात. त्या मुलाला ते एकेक करून पाठ करावे लागतात. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं, शब्दांचा क्रम वेगळा. म्हणून तो मुलगा टाइप करायचा, 'मी पाणी जवळ घर थांब'. मावसभाऊ समजून घ्यायचे, परके हसायचे. कधी 'नीट लिही' असा टोमणाही यायचा. त्या मुलाला दोन भाषा अवगत होत्या आणि हसणाऱ्यांना एक, हे त्यांना कोण सांगणार? सगळं काही अक्षरांत आणून टाकलं की कर्णबधिरांची सोय झाली, असं मानणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने हे ध्यानात घ्यायला हवं.

वाट अखेर मुलांनीच काढली, आणि ती खेळातच दडलेली होती. पबजीच्या पडद्यावर कोपऱ्यात लहान नकाशा असतो. जवळपास कुणी चाललं की त्यावर पावलांची खूण उमटते, गोळी झाडली की गोळीची, वाहन आलं की वाहनाची. आवाजाला दिलेलं हे चित्र बहुतेक ऐकणारे खेळाडू पाहतही नाहीत. हा मुलगा तेच पाहून खेळायचा, म्हणून तर त्याचा नेम. याशिवाय नकाशावर बोट ठेवून जागा 'मार्क' करता येते आणि 'शत्रू पुढे आहे', 'गोळ्या हव्यात' असे ठरीव संदेश एका स्पर्शात पाठवता येतात. मुलांनी नियम केला. खेळाआधी व्हिडिओ कॉलवर खुणांत बेत ठरवायचा, कुठे उतरायचं, कोण पुढे, कोण मागे. खेळ सुरू झाला की फक्त मार्क. मावसभावांनाही त्याने हे शिकवलं. माइक बंद करून चौघे खेळू लागले, आणि ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आलं की गोंगाट गेला तर खेळ जास्त नीट दिसतो.

हे कुणाला पोरखेळ वाटेल. पण 2019 च्या फेब्रुवारीत आलेल्या 'अ‍ॅपेक्स लेजंड्स' या खेळाचं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते नेमकं अशाच सोयीसाठी. एक कळ दाबली की दिसणाऱ्या वस्तूवर खूण बसते, काय आहे ते सोबत्यांना दिसतं आणि ऐकूही येतं. अनोळखी माणसांबरोबर एक शब्द न बोलता अख्खा डाव खेळता येतो. 'फोर्टनाइट'मध्ये आवाज कुठल्या दिशेने आला हे पडद्यावर उमटवण्याची सोय आहे. कर्णबधिरांसाठी केलेली ही सोय रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद ठेवून खेळणाऱ्यांनाही उपयोगी पडते.

डोळ्यांवर चष्मा चढवून आत शिरायच्या जगांत गोष्ट आणखी पुढे गेली आहे. 'व्हीआरचॅट'मध्ये कर्णबधिर माणसांचे गट जमतात आणि आपल्या पात्राच्या हातांनी खुणांत बोलतात. हातातल्या साध्या यंत्रांना सगळी बोटं वेगळी दाखवता येत नाहीत, म्हणून त्यांनी कित्येक खुणा बदलून घेतल्या. व्हॉल्व्ह कंपनीचं 2019 मधलं इंडेक्स नावाचं यंत्र बोटं ओळखतं, तेव्हा त्याला या गटांत मोठी मागणी आली. ही यंत्रं करमाळ्यात कुणाच्या घरी येतील अशी चिन्हं नाहीत. तरी बाईंनी त्याचे व्हिडिओ मुलांना दाखवले. परक्या देशातली माणसं हवेत बोटं नाचवून हसताना पाहून मुलांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावले.

2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने 118 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांचंही खरं होतं. रात्र-रात्र जागणारी, चिडचिडी झालेली मुलं त्यांनी पाहिली होती. डेटा संपला की घरात भांडणं व्हायची. बाईंनी त्या खेळाची बाजू घेतली नाही, आजही घेत नाहीत. पण वसतिगृहाच्या मुलांची संध्याकाळची ओसरी त्या दिवशी मोडली, हे त्यांनी पालकांना समजावून सांगितलं आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी द्यायला हवं म्हणून रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल सुरू केला. तिथे अडचण नेटवर्कची. खुणांचं संभाषण नीट समजायला सेकंदाला साधारण 20 चित्रं लागतात. काठावरच्या गावांत वारा सुटला, वीज गेली की चित्र गोठायचं, हात मधेच थांबायचे, अर्धं वाक्य हवेत राहायचं. ऐकणाऱ्यांचा आवाज अशा वेळी खरखरत का होईना, पोचतो. पुढे 2021 च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, तोवर ती मुलं पांगली होती.

बाईंना सगळ्यात झोंबलेला अनुभव मात्र खेळातला नाही. शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात त्यांच्या ओळखीचे एक कर्णबधिर शिक्षक होते. अशा सभांच्या अ‍ॅपमध्ये ज्याचा आवाज येतो त्याची चौकट मोठी होते. यंत्र बोलणारा माणूस आवाजावरून ओळखतं. ते शिक्षक खुणांत प्रश्न विचारत होते, पण त्यांची चौकट कोपऱ्यात टिकलीएवढीच राहिली. तेवढ्यात कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि पडदाभर त्या घरचं स्वयंपाकघर आलं. यजमानाने ती चौकट ठळक करून ठेवली असती तर प्रश्न दिसला असता. तशी कळ असते, ती दाबायचं कुणाला सुचलं नाही. झूमने सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकट कायम दिसावी अशी खास सोय 2022 मध्ये दिली. कर्णबधिर मुलांच्या वर्गात तर सगळेच बोलत असतात आणि यंत्राच्या लेखी पूर्ण शांतता असते.

यावर कायदा काय म्हणतो? अमेरिकेत 2010 च्या कायद्याने दूरसंवादाच्या आधुनिक साधनांना अपंगांसाठी सुगम असणं बंधनकारक केलं. व्हिडिओ खेळांना त्यातून काही वर्षं सूट होती, ती 31 डिसेंबर 2018 ला संपली. त्यानंतरच्या खेळांत बोललेलं अक्षरांत आणि टाइप केलेलं आवाजात नेण्याची सोय दिसू लागली ती बरीचशी या धाकाने. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याचं 42 वं कलम दृक्-श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत उपशीर्षकं आणि सांकेतिक भाषा असावी, असं सांगतं. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सरकारला बजावलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे राहता कामा नयेत, ते सक्तीचे हवेत. त्याच न्यायालयाच्या 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. ही भक्कम जमीन आहे. पण 2011 च्या जनगणनेत ज्या देशात सुमारे 50 लाख लोकांना ऐकण्याची अक्षमता असल्याची नोंद आहे, तिथे मुलं रोज संध्याकाळी ज्या जगांत जमतात, त्या जगांचा विचार या चर्चेत क्वचितच होतो. डिजिटल सेवा म्हटलं की आठवणारे बँक आणि आधार महत्त्वाचे आहेतच. मैत्रीही महत्त्वाची आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तर ती बँकेहून कितीतरी जास्त लागते.

भाषेच्या बाजूने हालचाल झाली आहे. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्याचा पहिला कोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये तो 10,000 वर गेला. टाळेबंदीतच जाहीर झालेल्या नव्या शिक्षण धोरणाने ही भाषा देशभर प्रमाणित करायचं ठरवलं. बाई तो कोश मोबाइलवर उघडून पालकांना दाखवतात. शाळेच्या सभेला येणाऱ्या प्रत्येक घराला त्या सांगतात की घरातल्या निदान एका ऐकणाऱ्या भावंडाने खुणा शिकाव्यात. त्या मुलाच्या धाकट्या मावसभावाने त्या शिकल्या, खेळाच्या लोभाने का होईना.

तो मुलगा आता वडिलांबरोबर चिलापी आणि कटला धरायला जातो.

गावोगावी ज्या मंडळांना मोबाइल खेळांच्या स्पर्धा भरवायच्या असतील, त्यांच्याकडे बाईंची मागणी आहे. सूचना माइकवर देता तशा फलकावरही लिहा. नाव नोंदवताना खेळाडू ऐकू शकतो का, हे आदराने विचारा. निदान एक फेरी सगळ्यांचे माइक बंद ठेवून, नुसत्या मार्कवर खेळवा. पुण्यात आणि इतरत्र खेळ घडवणाऱ्या मराठी मुलामुलींना त्या एवढंच सांगतात, की खेळ बाजारात आणण्याआधी तो कर्णबधिर मुलांच्या हाती द्या आणि ती कुठे अडतात ते बघा. अशी मुलं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. राज्यात त्यांच्या निवासी शाळा आहेत; तिथल्या शिक्षकांना फोन करा, ते आनंदाने वेळ देतील.